भावी लेफ्टनंट

साताऱ्यात भावी माणसांना तोटा नाही. पोवई नाक्यावर मान वर करून पाहिलं तर भावी आमदार, भावी नगरसेवक आणि वाढदिवस असेल तर थेट भावी मंत्री गॉगल लावून, हात जोडून आपल्याकडे बघत असतात. भावी लेफ्टनंट मात्र फ्लेक्सवर येत नाही. तो पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या चढावर आपल्याला मागं टाकतो आणि जाता जाता ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणतो. इतक्या पहाटे, ओळखदेख नसताना, इंग्रजीतून कुणी सर म्हणालं की सातारकर माणूस आधी खिसा चाचपतो.

तसं फौजेचं या जिल्ह्याला नवल नाही. अपशिंगे मिलिटरीच्या नावातच मिलिटरी आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. दर चार घरांआड एखादा हवालदार नाहीतर सुभेदार निघतोच. पण ही मंडळी धावली, छाती फुगवली आणि भरती झाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला भरती व्हायचं नव्हतं, साहेब व्हायचं होतं. त्याची वाट लोकसेवा आयोगाच्या सीडीएस परीक्षेतून जाते. ती वर्षातून दोनदा होते. इंग्रजी, सामान्यज्ञान आणि गणित, प्रत्येकी शंभर मार्क. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. ही लेखी परीक्षा तो पास होतो आणि तिथंच त्याचा घात होतो. नापास झाला असता तर एव्हाना मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात वजनकाट्यामागं बसला असता. लेखी पास झालेला माणूस एसएसबीला जातो. ‘एसएसबी देतोय’ असं त्याच्या आईनं हळदीकुंकवात सांगितलं, तेव्हा एक बाई हळहळून म्हणाल्या, ‘अगं बाई, दहावी राहिलीय का त्याची?’

एसएसबी म्हणजे पाच दिवसांची निवड. तिथं तीन माणसं तुम्हाला तीन बाजूंनी बघतात. फौजेनंच त्याला मनसा, वाचा, कर्मणा असं नाव दिलंय. मानसशास्त्रज्ञ मन वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो आणि गटचाचणी घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, मैदानावर करणी पाहतो. शोधायचे ते अधिकाऱ्याला शोभणारे पंधरा गुण. आमच्या भावी लेफ्टनंटनं ही यादी फ्रिजवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी चिकटवली आहे. पुढाकार, निर्णयाचा वेग, जबाबदारीची जाणीव, धैर्य अशी ती खाली उतरत जाते. त्यात ‘लाइव्हलीनेस’ही आहे. संध्याकाळी सात ते सव्वासात तो घरात लाइव्हली असतो. त्या पंधरा मिनिटांत पाहुणे येऊ नयेत अशी त्याच्या आईची इच्छा असते.

मुळात गंमत अशी की या परीक्षेला अभ्यासक्रमच नाही. माणूस आहे तसा बघायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि ज्या विषयाला अभ्यासक्रम नसतो त्याचे क्लास आपल्याकडे सर्वांत जोरात चालतात. ‘आहात तसे राहा’ हे वाक्य त्यानं तीन वेगवेगळ्या क्लासांत फी भरून ऐकलंय. सरकारचं नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र तेच फुकट सांगतं. तिथंही जाऊन आलाय. आता तो आहे तसा राहण्याचा सराव करतो, पहाटे आणि रात्री.

चित्रावरून गोष्ट लिहायची चाचणी घ्या. हार्वर्डच्या हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी ती १९३०च्या दशकात बसवली. धूसर चित्र पाहून माणूस जी गोष्ट रचतो तिच्यात त्याच्या मनातली भीती, भूक, राग असं सगळं नकळत उतरतं, हा तिचा पाया. त्या दोघांनी आमच्या गल्लीतला मुलगा पाहिला नव्हता. चित्र दिसतं अर्धा मिनिट, गोष्टीला चार मिनिटं, आणि याच्याकडे माल तयार. खिडकीशी उदास बाई दिसली की ती गावातली परिचारिका असून लसीकरण शिबिराचा विचार करते. डोक्याला हात लावलेला म्हातारा निवृत्त मुख्याध्यापक असून वाचनालयाची योजना आखतो. दोन पुरुष आणि एक दोरी दिसली की विहिरीतला गाळ. त्याच्या गोष्टींमधल्या गावात कुणी प्रेमात पडत नाही, कुणी उधारी बुडवत नाही, कुणाचं कुणाशी बांधावरून भांडण नाही. विहिरी मात्र भराभर साफ होतात. बारावं चित्र कोरं असतं. त्यावर स्वतःच्या मनातलं काहीही लिहा म्हणतात. त्यानं तिथंही विहीर काढली. हे लिहीत असताना त्याच्या खोलीतला पंखा फिरेना, कारण पात्यांवरची धूळ.

शब्दांची चाचणी याहून अवघड. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, शब्द वाचून मनात येईल ते पहिलं वाक्य लिहायचं. मनात येईल ते लिहून चालतंय होय! शब्द कितीही अभद्र असो, वाक्य उजळ निघालं पाहिजे, अशी क्लासची ताकीद. सरावाला घरात मोकळी एकटी आजी. ती कॉटवर बसून शेंगा फोडता फोडता शब्द टाकते.

‘पराभव.’

‘पराभवातून माणूस शिकतो.’

‘अंधार.’

‘दिवा लावल्याने अंधार दूर होतो.’

‘मूळव्याध.’

इथं चार-पाच सेकंद गेले. ‘वेळीच उपचार केल्यास मूळव्याध बरी होते.’

‘धाकटी जाऊ.’

‘संघभावनेने कुटुंब प्रगती करते.’

आजीनं हातातली शेंग खाली ठेवली. ‘माझ्या पाटल्यांचं तिनं काय केलं ते तुला ठाऊक नाही म्हणून. पुढचा शब्द पाटल्या.’

पण खरा कहर केला तो प्रसंगांच्या चाचणीनं. साठ प्रसंग आणि मिनिटं तीस. तुम्ही परीक्षेला निघालाय, वाटेत मित्राचा अपघात झाला, आणि त्याच वेळी पलीकडच्या घराला आग लागली, तर तुम्ही? पूर्ण वाक्य लिहायला वेळ नसतो, म्हणून उत्तर तुटक द्यायचं आणि काम उरकल्यासारखं द्यायचं. ही भाषा त्याच्या तोंडात कायमची बसली. आई म्हणाली, ‘गॅस संपला रे.’ हा सोफ्यावरून म्हणाला, ‘नंबर लावला, शेजारून शेगडी आणली, स्वयंपाक वेळेत केला, सिलिंडर जोडून घेतला.’ सुरुवातीला ती बिचारी खरंच समजायची आणि स्वयंपाकघरात जाऊन शेगडी शोधायची. क्षेपणास्त्रांचे पल्ले त्याला किलोमीटरसकट पाठ आहेत. गॅसचा ग्राहक क्रमांक आजीला पाठ आहे.

या जमातीत एक दंतकथा पक्की रुजलेली आहे. निवडकेंद्रावर तीन परीक्षक दिसतात ते नावाला. मेसमध्ये वाढणारा, गेटवरचा संत्री, झाडू मारणारा, सगळे आतून तुमच्यावर लिहीत असतात. एखादा वाढपी म्हणजे साध्या वेशातला कर्नलच, असं शपथेवर सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. परिणाम असा, की आमचा भावी लेफ्टनंट कुठल्याही हॉटेलात वाढप्याशी विलक्षण आदबीनं वागतो. परवा मिसळ खायला आम्ही बरोबर गेलो. पोऱ्यानं तर्री आणली, तर हा ताठ बसून ‘थँक यू. आपण कुठले? या कामात समाधानी आहात ना?’ पोऱ्यानं आधी याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मालकाला हाक मारली. त्याला वाटलं, लेबर इन्स्पेक्टर आला. निघताना पावाचे आणखी दोन जोड फुकट मिळाले. खोटं कशाला बोला, मी ते खाल्ले.

गेल्या पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी गुलमोहर आडवा झाला. मैदानावर जीटीओ देतो तशी फळी, बल्ली, दोरी यातलं काही हाताशी नव्हतं, पण अडथळा शंभर नंबरी होता. हा तीन-तीन पायऱ्या टाकत खाली आला. भाजीवाला, दोन रिक्षावाले आणि मी एवढ्यांना ‘जंटलमन’ म्हणून गोळा केलं, प्रत्येकाला काम दिलं, शाळेच्या बसेस मागच्या बोळातून वळवल्या, केबलवाल्याकडून दोरखंड आणवला. नगरपालिकेची माणसं पोचेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता. आता हे त्यानं केलं, आणि चांगलं केलं. फक्त दर हुकूम देताना तो समोरच्या गॅलरीकडे तोंड करून आवाज चढवायचा. तिथं एक पेन्शनर गृहस्थ हातात पेन्सिल घेऊन उभे होते. शब्दकोडं सोडवत होते. माझं मत विचाराल तर दर गल्लीत पेन्सिलवाला एक गृहस्थ गॅलरीत उभा करावा. नगरपालिकेचा निम्मा ताण कमी होईल.

शरीराचंही तसंच. सपाट तळवे, भिडणारे गुडघे, कोपरापासून बाहेर झुकणारा हात, नाकाचं वाकलेलं हाड यापायी मेडिकलला माणूस अडकतो, हे कळल्यापासून तो पाहुण्यांची कोपरं बघतो. तळव्याचा ठसा पाहण्यासाठी त्यानं न्हाणीघराबाहेर पाणी सांडून ठेवलं होतं. ठसा त्याच्या वडिलांचा उमटला, पाठीचा.

वडील एसटीतून कारकून म्हणून निवृत्त झाले, म्हणून प्रवासभाड्याचे नियम त्यांना लेकापेक्षा चांगले समजतात. एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी उमेदवार पहिल्यांदा एसएसबीला गेला तर जाण्यायेण्याचं थ्री टायर एसीचं भाडं सरकार देतं. दुसऱ्यांदा त्याच दारातून गेला तर स्वतःच्या खिशातून. प्रवेशाची दारं बरीच आहेत. तेव्हा सीडीएस, मग हवाई दलाची एफकॅट, मग एनसीसीची खास भरती असं करत पोरगं भोपाळचं तळं, प्रयागचा संगम आणि म्हैसूरचा राजवाडा बघून आलं. त्याच्या आईला प्रत्येक ठिकाणचं काही ना काही मिळालंय. गंगाजल देव्हाऱ्यात आहे.

हात हलवत परत येणाऱ्यांतही पायऱ्या असतात, हे बाहेरच्याला कळत नाही. पहिल्याच दिवशीच्या चाळणीत गेला तो ‘स्क्रीन आउट’. तो संध्याकाळच्या गाडीनं घरी. त्याच चाळणीत गटचर्चा असते, आणि सगळे एकदम ओरडायला लागले की तिला मुलं ‘फिश मार्केट’ म्हणतात. पाचव्या दिवसापर्यंत टिकून मग गेला तो ‘कॉन्फरन्स आउट’. हा नापासांमधला खानदानी. त्या दिवशी सगळे अधिकारी पूर्ण गणवेशात बसतात, एकेकाला आत बोलावतात आणि राहण्याजेवणाची सोय कशी होती, असलं काहीतरी विचारतात. एवढ्या साध्या प्रश्नाला घाम फुटतो, कारण त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. मग निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले जातात. कधी अख्ख्या तुकडीत एकही नाही. आमचा हल्ली नेहमी कॉन्फरन्स आउट होतो. स्क्रीन आउट झालेल्या मुलाशी तो बोलतो, पण सल्ला दिल्यासारखा.

अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर एक सुभेदार तात्या रोज भेटतात. मराठा लाइट इन्फंट्रीत उभी हयात गेलेली. ते याला बघून कडक सलाम ठोकतात.

‘काय साहेब, मिळालं का कमिशन?’

‘या वेळी नक्की, तात्या.’

‘मिळालं की एक करायचं. हुकूम द्यायच्या आधी सुभेदाराला विचारायचं. तुमच्या त्या पंधरांत हे घातलंय का?’

घातलेलं नाही. त्यानं रात्री यादीखाली पेन्सिलनं सोळावा लिहिला.

आता प्रश्न वयाचा आलाय. डेहराडूनच्या आयएमएचं दार चोविसाव्या वर्षी बंद झालं, चेन्नईच्या ओटीएचं पंचविसाव्या. लष्कराच्या कायदा शाखेत सत्तावीसपर्यंत घेतात म्हणून त्यानं मध्यंतरी एलएलबीला नाव घातलं होतं. वर्गात तो दर तासाला उभा राहून ‘परवानगी आहे का, सर’ म्हणायचा. ते पुरं होईतो तीही मुदत टळणार, हे बोटांवर मोजून झाल्यावर घरात दोन दिवस शांतता होती. सात ते सव्वासातसुद्धा. मग कुणीतरी सांगितलं, टेरिटोरियल आर्मी बेचाळीस वर्षांपर्यंत अधिकारी घेते. हा उडालाच. मोबाइलवर सगळे नियम काढले, मोठ्यानं वाचायला लागला आणि एका ओळीवर थांबला. उमेदवार स्वतःच्या कमाईच्या उद्योगात असला पाहिजे.

‘काय म्हणतंय?’ वडिलांनी विचारलं.

‘आधी नोकरीधंदा पाहिजे म्हणतात.’

‘पुन्हा वाच.’

त्यानं पुन्हा वाचलं. निवृत्त कारकुनाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मी शेजारीच बसलो होतो. ‘बघ, भारत सरकार आणि तुझा बाप, दोघांचं एक मत आहे,’ ते म्हणाले. ‘मामाला फोन लावू?’

तो ताठ बसला. ‘दुकानात रुजू झालो, विक्री वाढवली, अनुभवाचा दाखला घेतला, फॉर्म भरला, निवड झाली.’

‘तीस सेकंद झाले,’ कॉटवरून आजी म्हणाली. ‘आता उठ आणि पंखा पूस.’