बाप एफ.वाय.ला

बढतीच्या परिपत्रकात ‘किमान पदवीधर’ असे दिसले, तर चाळिशी ओलांडलेल्या बारावी पास कारकुनाने घाबरून जाऊ नये. परिपत्रक पुन्हा वाचावे. ‘किंवा पंधरा वर्षांचा अनुभव’ असे कुठे बारीक अक्षरांत छापले आहे का, ते पाहावे. नसते. मग पदवी घ्यावी.

मुंबईकरांसाठी सकाळच्या कॉलेजांची परंपरा आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, ते नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय बघून. मात्र बदलापूरहून सकाळी सातला फोर्टात पोचायचे, तर पदवीच्या आधी झोपेवर पाणी सोडावे लागते. बाकीच्यांनी नाशिककडे तोंड करावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ते आहे गंगापूर धरणाजवळ आणि ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. घरात नेमकी कुठल्या खोलीत, याचा खुलासा माहितीपुस्तिकेत सापडत नाही. मुलगी बारावीला असेल तर टेबल तिचे. बापाने ओट्याशेजारी बसावे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम अंगावर घ्यावे.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि गॅप सर्टिफिकेट लागते. मधल्या बावीस वर्षांत अन्यत्र शिक्षण घेतले नाही, एवढेच त्यात प्रतिज्ञेवर सांगावे. त्या काळात फेडलेले गृहकर्ज आणि सांभाळलेले तीन साहेब यांचे क्रेडिट मिळत नाही. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, अशी जोडी असलेल्या बायकांनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्रही बरोबर न्यावे. हे कलम विनोदी नाही.

अभ्यास केंद्रावर रविवारी संपर्क सत्र असते. शिकवणारे सर आपल्याला ‘काका’ म्हणतील. आपण त्यांना ‘सर’च म्हणावे. सर एम.कॉम., नेट, क्वचित पीएच.डी.सुद्धा असतात. ते तासिका तत्त्वावर असल्यामुळे त्यांची महिन्याची कमाई बारावी पास हेडक्लार्कपेक्षा कमी असू शकते. पदवीने नोकरी सुधारते का, हा प्रश्न त्यांना कदापि विचारू नये. चहा पाजावा. पैसे आपण द्यावेत.

खरी परीक्षा ‘कार्यालय व्यवस्थापन’ या विषयात होते. ‘आवक-जावक नोंदणीचे महत्त्व स्पष्ट करा,’ असा प्रश्न येतो आणि आयुष्यभर तेच रजिस्टर लिहिलेल्या माणसाला खरे सांगण्याचा मोह होतो. महत्त्वाचे पत्र आठवडाभर साहेबांच्या खणात असते, मग मागची तारीख घालून आवकला चढते, यासाठी दोन नोंदींमध्ये एक ओळ कोरी सोडतात, वगैरे. हे लिहिणारा नापास होतो. पुस्तकात सहा फायदे दिलेले आहेत. ते सहाच्या सहा लिहावेत. सातवा आपल्याला माहीत असतो, तो लिहू नये. ‘नेतृत्वाचे गुण’ या प्रश्नाला उत्तर लिहिताना तर स्वतःच्या साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ देऊ नये. दहा गुणांच्या उत्तराला दीड ओळ पुरत नाही. अनुभव ही या वयातली मोठी अडचण आहे. शेजारच्या बाकावरची वीस वर्षांची मुलगी कार्यालयात पाऊलही न टाकता पहिल्या वर्गात येते, ती त्यामुळेच.

परीक्षा लग्नसराईत आली, तर भाच्याच्या लग्नाला बायकोला एकटीने पाठवावे. तीन तास पेन धरायचा सराव आधीपासून ठेवावा; बोटे कीबोर्डला सरावलेली असतात आणि पुरवणी मागायच्या आत आखडतात. एखादा विषय राहिला तर घरी मुलांसमोर ‘एटीकेटी’ म्हणावे, ‘नापास’ म्हणू नये. मुले हसतील. त्यांच्या वेळी आपण काय बोललो होतो, ते त्यांना पाठ असते.

पदवी हाती आली की बढतीसाठी अर्ज करावा. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असे कुणीतरी विचारतेच. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समतुल्य आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे. त्याची प्रत टाचावी, दोन प्रती जवळ ठेवाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. तो अर्ज आवकला चढवायचे काम बहुधा आपल्याच टेबलावर येईल. तरी शिक्का मारून, सही करून, स्वतःची पोच स्वतःला द्यावी. तारीख मात्र खरी घालावी.