डबा कुणाचा, भांडण कुणाचं

"काकू, समोरच्या घरातलं कळलं का? दोघे चुलतभाऊ आठवडा झाला एकमेकांशी बोलत नाहीत."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चादर झटकणारे काकूंचे हात थांबले. खारेगावातल्या आमच्या गल्लीची बातमी त्यांच्याआधी मला कळावी, हे त्यांना फारसं रुचलं नसावं. "जागेवरून?" त्यांनी पहिला अंदाज टाकला. मी मान हलवली. "मग पोरगी असणार."

"गेमच्या डब्यावरून. टीव्हीला लावतात ना, तो."

"तरीच! कळवा स्टेशनला रोज जोडीने उभे असायचे. परवा बघते तर एक फलाटाच्या या टोकाला, एक त्या. म्हणजे डब्यावरून भांडून आता वेगवेगळ्या डब्यांत चढतात म्हण की!"

मग मी सगळं नीट सांगितलं. थोरला सोनीवाला. पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, किंमत ४९,९९० रुपये. जानेवारीत बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. थोरला तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मोबाइलवर बोटं आपटत होता. मिळाला नाहीच, पुढच्या खेपेला मिळाला. धाकटा एक्सबॉक्सवाला. मायक्रोसॉफ्टने नवा एक्सबॉक्स १० नोव्हेंबर २०२० ला, जगाबरोबर त्याच दिवशी इथेही आणला. त्यातला लहान सिरीज एस ३४,९९० ला. "आम्हाला रांगेत उभं नाही ठेवलं," हे धाकटा तेव्हापासून ऐकवत आलाय.

"इतकी वर्षं ऐकवतोय, मग आत्ताच काय झालं?"

"हेलो नावाचा गेम आहे. एक्सबॉक्सच्या घरातला कर्ता मुलगा समजा. २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स निघाला तो याच्याच जोरावर. हेलो खेळायचा तर आमच्याकडे या, ही त्यांची ऐट. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कंपनीनेच जाहीर केलं की पहिल्या हेलोची नवी आवृत्ती २०२६ मध्ये पीएस५ वरही येणार. थोरल्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. तेव्हापासून धुसफूस होती, आता धाकट्याने ग्रुपच सोडला."

"अगं बाई, ग्रुप सोडला?" प्रकरण किती हाताबाहेर गेलंय हे काकूंना आत्ता उमगलं.

खरं सांगायचं तर धाकट्याला कुणकुण आधीच लागायला हवी होती. २०२४ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने चार गेम दुसऱ्या कंपन्यांच्या डब्यांवर द्यायचं ठरवलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम पीएस५ वर गेला, ऑगस्टमध्ये गिअर्स ऑफ वॉर गेला. धाकटा मात्र दर वेळी "हेलो कधीच देणार नाहीत" म्हणून पैज लावायचा.

"पण कंपनी आपलंच गिऱ्हाईक का नाराज करेल?"

"कारण डब्यात पैसा नाही, काकू. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनीच साक्ष दिली, की एक्सबॉक्सचा डबा विकून आम्हाला कधीच नफा झालेला नाही. कमाई होते गेमांवर आणि दर महिन्याच्या वर्गणीवर. मग गेम शत्रूच्या डब्यावर विकला जात असेल तर तिथे विकायचा. डब्यासाठी रक्त आटवायचं ते आपण."

काकूंनी चादर भिंतीवर पसरली आणि कोपर टेकलं. म्हणजे आता निवांत ऐकणार.

थोरल्यानेही फार मिरवू नये. सोनी या धंद्यात पडली तीच अपमानातून. निन्टेंडोच्या मशीनला सीडी जोडायचं काम सोनी करत होती. १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जाणार. सोनीने मग स्वतःचं मशीन काढलं. ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये पहिलं प्लेस्टेशन विक्रीला आलं. या मंडळींनी आपापसांतले शब्द पाळले नाहीत, ती माझ्या-तुमच्या निष्ठेची काय चाड बाळगणार?

"आणि सेगाचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकात मारिओ मोठा की सॉनिक, यावरून अमेरिकेतली पोरं हमरीतुमरीवर यायची. मारिओ निन्टेंडोचा, सॉनिक सेगाचा. आपल्याकडे सेगाची मशीनं तेव्हा शॉ वॉलेसने आणली होती."

"ती दारूवाली कंपनी?"

"तीच."

"मग पोरं हमरीतुमरीवर येणारच!"

तर २००१ च्या मार्चमध्ये सेगाने ड्रीमकास्ट या मशीनचं उत्पादन थांबवलं आणि मशीनं बनवण्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॉनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर उड्या मारत होता. २००७ मध्ये तर मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिम्पिकच्या गेममध्ये शेजारी शेजारी धावले. त्यांच्यापायी ज्यांनी मित्र तोडले, ते तसेच राहिले.

आमच्या लहानपणी ही भानगडच नव्हती. मशीनवर काय नाव छापलंय हे कोण बघतो? चिनी बनावटीचं, निन्टेंडोची नक्कल मारलेलं. पिवळ्या प्लास्टिकची कॅसेट, तिच्यावरच्या स्टिकरवर 'टर्मिनेटर'सारखा काळा चष्मा घातलेला कुणीतरी आणि खाली मोठ्या अक्षरांत ९९९९ इन १. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम, सर्कस. पान उलटत गेलं की तेच गेम वेगळ्या नावाने; कुठे कॉन्ट्रा एकदम तिसऱ्या लेव्हलपासून, कुठे मारिओ नुसताच उंच उडणारा. चित्र अडकलं की कॅसेट उपसायची, खालच्या पितळी दातांवर फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. मारिओ निन्टेंडो नावाच्या कंपनीचा आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

"मग या दोघांना हे वेड लागलं कुठून?"

"थोरल्याचं सांगतो. त्याच्या बाबांनी पीएस२ आणून दिला होता. सोनीने आपल्याकडे तो बरीच वर्षं विकला, २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम काढला, 'देसी अड्डा'मध्ये कबड्डी, विटीदांडू घातला. २००६ मध्ये इथे एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा जाहिरातीला अक्षयकुमार आणि युवराजसिंग होते. धाकटा युवराजचा भक्त. झालं! आता थोरल्याच्या खात्यात विकत घेतलेले एवढे गेम आहेत, की उद्या एक्सबॉक्स घेतला तर सगळं पुन्हा विकत घ्यायचं. पीएस५ चा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना पडतो."

"एक गेम? पाच हजार?" काकू भिंतीवरून कोपर काढून सरळ उभ्या राहिल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "हे आमच्या कुकरसारखं झालं. वीस वर्षं एकाच कंपनीचा वापरते. लोकांना वाटतं फार आवडतो. अरे, घरात तिन्ही मापांचे तिचेच आहेत आणि दुसऱ्या कंपनीची रिंग त्यांना बसत नाही!"

मी हातच जोडले. एवढं सोपं करून मला थोरल्याला सांगता आलं नव्हतं. आपण निष्ठा म्हणतो, ती बहुतेक वेळा अडकलेल्या पैशांची असते. उरलेली असते ती मित्रांची. ज्या डब्यावर आपली टोळी रात्री जमते, तो डबा चांगला वाटतो.

आणि कंपन्यांच्या लेखी आपण कोण? पीएस५ प्रो २०२४ च्या नोव्हेंबरात जगभर आला, भारतात नाही. कारण काय, तर त्यातल्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना आपल्याकडे परवानगी नव्हती. निन्टेंडो तर इथे अधिकृतपणे विकतच नाही. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ निघाला. इथल्या हौशी लोकांनी तो लॅमिंग्टन रोडवरून किंवा दुबईच्या पाहुण्याच्या बॅगेतून मिळवायचा, वॉरंटी देवाच्या हवाली. गंमत बघा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम केला, आपल्या पुराणांवरचा, दुर्गेचा वर मिळालेल्या मुलीचा. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी आला कुठे, तर स्विचवर! पुण्यातल्या माणसाला पुण्यातला गेम पहिल्या दिवशी खेळायचा तर मशीन चोरवाटेने आणायचं. इतरांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.

"ते राहू दे," काकू मुद्द्यावर आल्या. "नातवाला दहावीनंतर असा डबा घेऊन द्यायचं कबूल करून बसलेय. कुठला घेऊ?"

"आधी त्याच्या मित्रांकडे कुठला आहे ते विचारा. त्याच्या पारसिकनगरात सगळ्यांकडे सोनी आणि याच्याकडे एक्सबॉक्स, तर हा एकटाच बसेल. दुसरं, डिस्क घालायची फट असलेलाच घ्या. बिनफटीचा दहाएक हजारांनी स्वस्त दिसतो, पण मग प्रत्येक गेम कंपनीच्याच दुकानातून. डिस्क असली की खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. तिसरं, वर्गणीला भुलू नका. अमेरिकेत एक्सबॉक्सची मोठी वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये २० डॉलरवरून एकदम ३० वर नेली. वर्गणी थांबली की त्यातले गेम बंद."

"म्हणजे कंपनी कुठलीही चालेल?"

"कंपनी कुठलीही. फक्त त्याला सांगा, तिच्यासाठी भांडायचं नाही."

काकूंनी मान डोलावली. मग अचानक डोळे बारीक केले. "तू एवढं शहाणपण शिकवतोयस, तुझ्याकडे कुठला आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "दोन्ही. पण समोर बोलू नका. थोरला मला सोनीवाला समजतो, धाकटा एक्सबॉक्सवाला. दोघांकडून डिस्क उसन्या मिळतात."

"मी कशाला कुणाला सांगतेय?" काकू म्हणाल्या आणि समोरच्या घरी जायला चपला पायात सरकवू लागल्या.