भाऊसाहेबांचा माळा

जुना संगणक माळ्यावर जपून ठेवणाऱ्या गृहस्थाला लोक कंजूष म्हणतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आपण भाऊसाहेब म्हणू. नोकरदार वस्तीत दर इमारतीत एक तरी सापडतोच. कंजूष माणूस वस्तू वेळेवर फुंकून दोन पैसे पदरात पाडून घेतो. भाऊसाहेबांना ते कधी जमलेलं नाही. 2007 साली 40,000 रुपयांना घेतलेली त्यांची मशीन आज माळ्यावर आहे : सीपीयू जुन्या चादरीत, पेटीएवढा काचेचा मॉनिटर उशांच्या आधाराने, मूळ खोकी थर्माकोलसकट. बिल मात्र खाली, कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत. गिऱ्हाईक आलं की आधी मशीन दिसत नाही, बिल दिसतं. माझं म्हणणं असं, की भाऊसाहेबांना पैसे नकोच असतात. त्या बिलावरच्या आकड्यापुढे कोणीतरी मान तुकवावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

बाजार मान तुकवत नाही, कारण बाजार लबाड, असं ते सांगतात. पण सरकार तरी कुठे त्यांच्या बाजूचं आहे? धंद्यासाठी घेतलेल्या संगणकाला आयकराच्या हिशेबात तेव्हा वर्षाला 60 टक्के घसारा मिळे. पुढे तो 40 टक्क्यांवर आला. म्हणजे तेव्हाच्या 60 टक्के दराने 40,000ची मशीन कागदोपत्री पहिल्या वर्षाअखेर 16,000ची, दुसऱ्या वर्षाअखेर 6,400ची आणि तिसऱ्या वर्षाअखेर 2,560ची. एरवी पैशापैशाला हुज्जत घालणारं खातं इथे एवढं उदार व्हावं, यातच सगळं आलं. त्यावर भाऊसाहेबांचं उत्तर तयार असतं : “तेव्हाच्या मशीन वेगळ्या होत्या हो, पत्रा बघा!” पत्रा खरोखरच जाड असतो. अडचण एवढीच, की भंगारवालाही तेच म्हणतो आणि वजनकाटा काढतो. मशीन अजून चालू आहे, हेही खरं. पण तिच्यातल्या विंडोज एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर मायक्रोसॉफ्टनेच वाऱ्यावर सोडलं आहे.

त्यांच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा गुप्ततेचा, आणि तो मुळीच पोकळ नाही. झटपट फॉरमॅट मारल्याने फक्त पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं जागच्या जागी राहतात. अमेरिकेत एमआयटीच्या दोघा संशोधकांनी 158 जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि 2003 साली निष्कर्ष छापले. चालू निघाल्या 129. त्यांतल्या नीट पुसलेल्या अवघ्या 12. उरलेल्यांतून 5,000हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक बाहेर आले. तेव्हा भीती रास्तच. पण भाऊसाहेबांची गुप्तता भावाप्रमाणे वरखाली होते. कोणी 1,500 म्हटलं, की पॅन कार्डाची प्रत, मुदतठेवींची यादी, मुलीच्या लग्नासाठी केलेला बायोडेटा, सगळं एकदम आठवतं. तेच कोणी 15,000 म्हणू द्या. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली आहे, हे ते आपणहून दाखवतील. खरी काळजी डेटाची असती, तर एक स्क्रूड्रायव्हर पुरला असता. बाजूचा पत्रा उघडायचा, तळहातावर मावणारी हार्ड डिस्क काढून घरात ठेवायची आणि उरलेला डोलारा देऊन टाकायचा. भाऊसाहेब हे करत नाहीत, कारण डिस्क काढली की मशीन अपुरी ठरते, आणि अपुऱ्या मशीनचे पुरे पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच.

काही समंजस वाचक म्हणतील, राहू द्या की माळ्यावर. भंगारात गेली तर तिच्या वायरी कुठेतरी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत जाळल्या जातील, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडतील. जुन्या मॉनिटरच्या काचेत तर शिसं असतं. त्यापेक्षा भाऊसाहेबांचा माळा पर्यावरणाला बरा. हा युक्तिवाद मला आवडतो, फक्त तो माळा कायमचा आहे असं धरून चालतो. जुनी यंत्रं नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रापर्यंत पोचावीत यासाठी 1 एप्रिल 2023पासूनच्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण नियमाला शिडी लावून माळ्यावर चढता येत नाही. खाली उतरवायचं काम घरच्यांचंच. आणि घरचे ते करतात, इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यावर. भाड्याच्या जागेत माळा नसतो. भाऊसाहेब नेमके गावी असतात, मुलगा बंगळुरूहून फोनवर “काढून टाका” म्हणतो, आणि सूनबाई जिन्यातल्या भंगारवाल्याला सीपीयू, मॉनिटर, सगळं काट्यावर घालून देतात. डिस्क आतच, अक्षरही न पुसलेली. संध्याकाळी भाऊसाहेबांना हे फोनवर कळतं. डिस्कचं ते नावही काढत नाहीत. “किती दिले?” एवढंच विचारतात, आणि आकडा ऐकल्यावर बिल कुठे आहे ते.