अठरा वर्षांचं पोर आहे ते!

नॉर्थ कॅरोलायनात केरी नावाचं गाव आहे. इथे मराठी माणूस शोधावा लागत नाही. देशी किराणा दुकानात ज्वारीच्या पिठापाशी दोन मिनिटं उभं राहिलं की कोणीतरी येऊन "पुण्याचे का?" म्हणून विचारतंच. गावाच्या एका अंगाला चॅपल हिल, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. दुसऱ्या अंगाला डरहम, म्हणजे ड्यूक. दोन्हींच्या मध्ये जेमतेम 16 किलोमीटर, पण बास्केटबॉलचं वैर सख्ख्या भाऊबंदकीचं. इथे नव्याने आलेला माणूस आधी शाळा बघतो, मग मंदिर बघतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचा रंग ठरून जातो: चॅपल हिलचा आकाशी किंवा ड्यूकचा गडद निळा. पुढे नागरिकत्व बदलतं, रंग बदलत नाही.

सबुरीकाका आकाशी. त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर तेवढं सापडतं. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते, आणि काका स्वतः इथल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तीन आठवड्यांच्या कामाला क्लायंटला सात आठवडे सांगायचे आणि पाचव्यात देऊन शाबासकी घ्यायची, एवढ्यावर त्यांचं घर आणि दोन गाड्या झाल्या, आणि मुलीचं शिक्षण चाललंय.

पण काकांची खरी नोकरी निराळी आहे आणि ती बिनपगारी आहे. चॅपल हिलच्या संघात दर वर्षी शाळेतून नवी पोरं येतात. येण्याआधीच तज्ज्ञांनी त्यांना तारे वाटलेले असतात, जास्तीत जास्त पाच. पंचतारांकित पोरगा कुठे जाणार याची इथे निवडणुकीसारखी चर्चा चालते. शेवटी एके दिवशी तो शाळेच्या जिममध्ये टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडतो, शेजारी आईला बसवतो, कॅमेऱ्यासमोर उगाच एका टोपीवरून हात फिरवून दुसरीच उचलतो. ती आकाशी निघाली की मिनिटाभरात माझा फोन वाजतो.

"बघितलंस? आता नीट ऐक. कोणाला चढवू नकोस. अठरा वर्षांचं पोर आहे ते!"

मी कोणाला चढवणार? मला त्या पोराचं आडनावही धड उच्चारता येत नसतं. पण काकांच्या दृष्टीने आख्ख्या केरीच्या अपेक्षा वर निघालेल्या असतात आणि त्या एकट्याने खाली धरून ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर असते.

त्यासाठी त्यांनी एक वही केली आहे. यार्डातल्या वडिलांकडून त्यांनी एवढं एक शिकून घेतलं, की पोत्याचं वजन खरं धरायचं नाही, आधी बारदान वजा करायचं. पोराची उंची सहा फूट दहा इंच छापून आली की वहीत सहा-नऊ पडते. "बूट घालून मोजलीय." वजनातून पाच पौंड जातात. शाळेत सामन्याला सरासरी 28 पॉइंट? "समोर कोण होतं? पाच फूट आठची पोरं, त्यातली दोन चष्मेवाली." निम्मे उडाले. हायलाइट्सचा व्हिडिओ ते आवाज बंद करून बघतात, कारण त्यातल्या संगीताने माणूस भुलतो. आणि बघून झाल्यावर म्हणतात, "यात एकही हुकलेला शॉट नाही. हुकलेले दाखवा, मग बोलू." अशी सगळी वजाबाकी होऊन शेवटी खाली एक आकडा उरतो: आठ पॉइंट, पाच रिबाउंड. "ते पण जानेवारीनंतर."

हा आकडा मग ते वाटत सुटतात. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ सहज म्हणाले, "यंदा काय, तुमचा तो नवा पोरगा आलाय म्हणे!" काका दोन माणसं मागे होते. तिथून त्यांनी रांग मोडली. गृहस्थांच्या द्रोणात मोदक पडला, तूप पडलं, मोदक संपला, तरी काका 2010वरच होते.

2010 साली हॅरिसन बार्न्स आला. आयोवातला पोरगा, शाळेतून स्काइपवर प्रशिक्षक रॉय विल्यम्सना 'येतो' म्हणाला. कॉलेजचा एकही सामना खेळलेला नसताना असोसिएटेड प्रेसने त्याला मोसमाआधीच्या अखिल अमेरिकी संघात घातलं. नवख्याला असा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. आणि मोसम सुरू झाला तर त्याचे शॉट पडेनात. लोक कुजबुजू लागले. मार्चमध्ये त्याने क्लेमसनविरुद्ध एका सामन्यात 40 पॉइंट काढले. "म्हणजे चार महिने लागले, चार! तोवर आपण त्या पोराचं काय काय केलं?"

दुसरा दाखला कोल अँथनीचा. तो सांगताना काकांचा आवाज उतरतो. 2019च्या नोव्हेंबरात पहिल्याच सामन्यात, नोत्र दामविरुद्ध, त्याचे 34 पॉइंट. त्या रात्री काकांच्या घरी श्रीखंड झालं, असं काकू सांगतात. काका नाकबूल करतात. पुढे पोराचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि मोसमाअखेर चॅपल हिलचा हिशेब 14 विजय, 19 पराभव. त्या वर्षापासून काकांनी पहिल्या सामन्याला गोड करायला घरात बंदी घातली आहे.

आणि बारदानाचं तत्त्व केवळ नवख्यांपुरतं नाही, हे सिद्ध करायला 2022-23चा मोसम आहेच. आदल्या वर्षी अंतिम सामन्यात मध्यंतराला 15 पॉइंटांनी पुढे असून कॅन्ससकडून हरलेला संघ, त्यातले बहुतेक मुरलेले गडी परत आलेले, मोसमाआधी देशात पहिला नंबर. आणि मार्चमध्ये 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलंच नाही. 1985 साली ही स्पर्धा 64 संघांची झाली, त्यानंतर पहिल्या नंबरावर सुरुवात करून बाहेर राहिलेला हा पहिला संघ. काका हे सांगतात तेव्हा त्यात दुःख किती आणि 'मी म्हणत होतोच' किती, हे मला आजवर नक्की करता आलेलं नाही.

काकांचं दैवत मात्र डीन स्मिथ. चॅपल हिलचा हा पूर्वीचा प्रशिक्षक नवख्यांच्या बाबतीत काकांहून कडक. 1981च्या नोव्हेंबरात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकाला मुखपृष्ठासाठी पहिले पाच खेळाडू हवे होते. स्मिथनी चारच दिले आणि पाचवे स्वतः उभे राहिले. पाचवा गडी नवखा, त्याचं कव्हरवर काय काम? काका हे सांगून विजयी मुद्रेने थांबतात. कोणीतरी विचारावं लागतं, की तो पाचवा कोण? तो मायकेल जॉर्डन. आणि पुढच्या मार्चमध्ये जॉर्जटाउनविरुद्ध अंतिम सामन्यात 63-62 असा निकाल लावणारा शॉट त्याच नवख्याने मारला.

"मग काका, नवख्यावर भरवसा ठेवायचा की नाही?"

"ठेवायचा ना. पण त्याला कळू द्यायचा नाही."

इथवर काका समजतात. अवघड भाग पुढे आहे. बारावी झाल्या-झाल्या थेट एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जायला बंदी आहे. वय 19 हवं आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं, असा नियम 2006च्या ड्राफ्टपासून, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू उचलण्याच्या फेरीपासून, आहे. म्हणून उत्तम पोरं कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. 2005च्या विजेत्या संघातल्या मार्व्हिन विल्यम्सने तर चॅपल हिलसाठी एकाही सामन्याची सुरुवात केली नाही, कायम राखीव बाकावरून उठून आला, आणि तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसरा उचलला गेला. तेव्हा पोरगा चांगला खेळला की गेला. बरं, न खेळला तर? तर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदलीची यादी. तिच्यात नाव घातलं की दुसरं कॉलेज घ्यायला तयार. पूर्वी बदली घेतली तर बहुतेकांना एक वर्ष घरी बसावं लागे, आता तेही नाही. म्हणजे जास्त खेळला तरी जाणार, कमी खेळला तरी जाणार.

त्यामुळे काकांची अपेक्षा फार नाजूक होऊन बसते. पोराने असं खेळावं की आपण जिंकू, पण एनबीएवाल्यांचं लक्ष जाऊ नये. बाकावर एवढा वेळ बसू नये की रुसेल, मैदानात एवढा चमकू नये की लिलावात चढेल. हा सगळा हिशेब करून काकांनी एक पट्टा काढला आहे: अकरा ते तेरा पॉइंट. दहाच्या खाली गेला की पोर्टलची भीती, चौदाच्या वर गेला की ड्राफ्टची. एकदा एका पोराचे तेरा झाले आणि सामना संपायला अजून सहा मिनिटं होती. काका टीव्हीसमोर उभे राहून ओरडले, "आता पास दे रे, पास!" पोराने तीन पॉइंटांचा शॉट मारला, तो पडला, आमचा संघ पुढे गेला, सगळे नाचले, आणि काका हातातली पोह्यांची बशी ठेवून मट्कन खाली बसले.

आर.जे. डेव्हिसचं नाव घेतलं की मात्र ते फुलतात. फारसा गाजावाजा न होता आला, पहिल्या वर्षी साधारणच खेळला, पाच वर्षं राहिला आणि चॅपल हिलच्या इतिहासात सर्वाधिक पॉइंटांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. काकांच्या मते प्रत्येक पोराने असंच असावं. म्हणजे त्यांना फार काही नकोच आहे. फक्त दर वर्षी एक आर.जे. डेव्हिस, पंचतारांकित.

अलीकडे 'पोर' या शब्दावरच लोक हरकत घ्यायला लागलेत, आणि त्याला कारण पैसा. 2021पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देऊन जाहिरातीचे पैसे मिळवता येतात. 2025-26च्या मोसमापासून कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात, सगळ्या खेळांना मिळून पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आमच्यातला एक अकाउंटंट परवा काकांना म्हणाला, "काका, तुमचं हे पोर तुमच्याहून जास्त कमावतं. पगार घेतो तर काम दाखवू दे." काकांनी बराच विचार केला. "पहिले सहा महिने प्रोबेशन असतं," ते म्हणाले. मोसम पाच महिन्यांचा असतो, हे अकाउंटंटच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

डिसेंबरात एखादी मंदी येतेच. पोराचे शॉट रिंगला लागून बाहेर पडतात, दोन सामन्यांत मिळून नऊ पॉइंट. खरं तर काकांचा विजय. त्यांनी 'सांगितलं होतं' म्हणायची वेळ. पण त्या दिवसांत काका फोन करत नाहीत. काकूंकडून कळतं, की रात्री दीड वाजता तळघरात दिवा असतो. मी एकदा गेलो तर टीव्हीवर पोराचा फ्री थ्रो अगदी सावकाश चालला होता आणि काका पडद्यावर पट्टी धरून होते. "हे कोपर बघ. नोव्हेंबरात आत होतं. आता बाहेर जातंय. कोणी सांगत का नाही त्याला?" आवाजात असा कळवळा, की क्षणभर वाटलं, उद्या हा माणूस चॅपल हिलच्या मैदानाच्या, डीन स्मिथ सेंटरच्या, दारात पट्टी घेऊन उभा राहणार.

मार्चमध्ये होळीच्या आसपास राष्ट्रीय स्पर्धा लागते आणि ऑफिसागणिक ब्रॅकेट भरले जातात: कोण कोणाला हरवणार त्याचा अंदाज. काका सगळ्यांना बजावतात, "दुसरी फेरी. तिथपर्यंत गेलो तर देवाला नारळ." काकूंनी मला यंदा पुरणपोळीच्या डब्याबरोबर एक घडी केलेला कागद गुपचूप दाखवला. काकांचाच ब्रॅकेट. चॅपल हिल पहिली फेरी, दुसरी, तिसरी, चौथी, उपांत्य, अंतिम, आणि मधल्या चौकोनात विजेता म्हणून पुन्हा चॅपल हिल. पेनने. खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, अंतिम सामन्यातले पोराचे अपेक्षित पॉइंट: 27.

काकांच्या सबुरीची एक परीक्षा मात्र 2025च्या एप्रिलमध्ये झाली, आणि ती आकाशी रंगाची नव्हती. त्यांची मुलगी ड्यूकला आहे. (हा विषय त्यांच्या घरी जेवताना काढायचा नाही.) ड्यूकचा कूपर फ्लॅग, मेन राज्यातल्या न्यूपोर्ट गावचा, वय 18, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला. सॅन अँटोनियोत उपांत्य सामन्यात ड्यूक शेवटच्या मिनिटात सहा पॉइंटांनी पुढे होतं. ह्यूस्टनने ते सहा भरून काढले, वर घेतले, फ्लॅगचा शेवटी शॉट आखूड पडला, 70-67. काकांनी त्याच क्षणी मुलीला फोन लावला. स्पीकरवर. चेहऱ्यावरचं हसू आवाजात उतरू नये म्हणून त्यांनी उशी जवळ घेतली होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं, बाळा. शेवटी काय, अठरा वर्षांचं पोर आहे ते."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "बाबा, माझ्या एसएटी परीक्षेच्या वेळी मी सतरा वर्षांची होते."

काकू चहा टाकायला उठल्या. काकांनी उशी बाजूला ठेवली आणि ह्यूस्टनचा बचाव कसा होता याविषयी बोलायला लागले.

मे उजाडला की मोसमाचं वारं पडतं. पोरगा ड्राफ्टला नाहीतर पोर्टलला गेलेला असतो. काका वहीत त्याच्या नावापुढे तारीख घालतात आणि पान उलटतात. आता महिनाभर शांतता, असं आम्ही समजतो. यंदा मात्र रविवारी सकाळी दार वाजलं. काका फोन पुढे धरून आत आले, चपलाही न काढता. पडद्यावर कुठल्याशा शाळेची जिम, मागे कोणाची तरी आजी गुडघ्यांवर पर्स घेऊन बसलेली, आणि एक हाडकुळा पोरगा चेंडू आपटत निघालेला.

"नववीत आहे," काका म्हणाले. "काही अपेक्षा नाहीच. तू फक्त त्याचा डावा हात बघ."