धरून सोडायचा मासा

डॅलस, टेक्सस

ती. बाबांस आणि सौ. आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी जावयांना साधा प्रश्न विचारला, "गरवायची काठी कसली आणि तंगूस केवढा?" त्यावर पाऊण तास उत्तर चाललं आणि शेवटी बाबांनी "बरां, बरां" म्हणत फोन आईकडे दिला. जावई चुकीचं काही बोलत नव्हते, पण त्यांच्या बोलण्यात क्रियापदं तेवढी मराठी होती. एप्रिलात तुम्ही इथे याल तेव्हा होडीत भांडणं नकोत, म्हणून मी लिहिते.

लग्नात ज्यांना बांगडा आणि पेडवा यांतला फरक सांगता येत नव्हता, तेच सोलापूरकर आता पहाटे चारला उठून माशांमागे जातात. मासा एकच, लार्जमाउथ बास. हिरवट पाठ, कुशीवर काळा पट्टा आणि जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला. खोड आपल्या जिताड्याची: आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की झडप घालायची.

आम्ही जातो ते लेक फोर्क डॅलसहून पूर्वेला दीड तासावर आहे. १९८० साली धरण पुरं झालं, तेव्हा खोऱ्यातली बरीच झाडं न तोडता तशीच बुडू दिली. २७,००० एकर पाणी आणि त्यातून वर आलेली वाळकी खोडं. माशाला याहून चांगलं घर नाही आणि तंगुसाला याहून मोठा वैरी नाही. काठी, दोरी, आमिष, सगळा विचार या खोडांपासून सुरू होतो.

काठीत इथे दोन गोष्टी बघतात: वाकवायला जोर किती लागतो आणि वाकते कुठे, शेंड्याशी की मध्यावर. पहिली पॉवर, दुसरी ॲक्शन. फांद्यांत शिरू बघणाऱ्या माशाला बाहेर ओढायचं तर सात फुटी, मीडियम-हेवी पॉवरची, फास्ट ॲक्शनची काठी हवी, म्हणजे शेंडा नरम आणि खालचं अंग ताठ. माझ्या मते माणसाला ही एक काठी पुरते. जावयांच्या मताबद्दल एवढंच सांगते की आमच्या गॅरेजमध्ये आता गाडी मावत नाही. क्रँकबेट म्हणून एक खोटा मासा असतो, त्याला तीन टोकांच्या बारीक गऱ्या असतात. ताठ काठीने हिसका दिला तर त्या तोंडातून निसटतात, म्हणून त्याला मध्यापासून वाकणारी वेगळी काठी. हे मला पटलं. पुढच्या काठ्यांची कारणं मला सांगण्यात आली आहेत, एवढंच.

दोऱ्या तीन. पहिली नायलॉनची, म्हणजे तुमचा तंगूस. ताणतो आणि लवकर बुडत नाही, त्यामुळे पाण्यावरून पळवायच्या आमिषाला चांगला. दुसरी फ्लुरोकार्बनची. ती बुडते, कमी ताणते आणि तिच्यातून प्रकाश जवळपास पाण्याइतकाच वळत असल्यामुळे माशाला फारशी दिसत नाही. तिसरी विणलेली, ब्रेड. बारीक असून दणकट, जराही ताणत नाही, पण पाण्यात उठून दिसते. दाट पाणगवतात मासा दोरी बघत बसत नाही, तिथे ती वापरायची. इथे दोरीला किती वजनाला तुटते ते विचारतात. खोडांत आम्ही १५ पौंडी फ्लुरोकार्बन घेतो, गवतात ५० पौंडी ब्रेड. ५० पौंड म्हणजे जवळपास तेवीस किलो. त्यावर मासा येतो दीड किलोचा आणि बाकीचं गवत.

आता रीळ. जावयांचा हट्ट बेटकास्टरचा. त्यात रीळच गरगर फिरतं. आमिष पाण्यात पडलं तरी रीळ थांबलं नाही, तर सुटलेली दोरी जागच्या जागी स्वतःभोवती गुंडाळते. ऐन वेळी अंगठा टेकवून रीळ थांबवायचं, ही कला. अंगठा चुकला की जावई गुंता सोडवत बसतात आणि होडीत कुणी कुणाशी बोलत नाही. तुमच्या नातीकडे स्पिनिंग रीळ आहे. त्यात दोरीचं रीळ जागेवर स्थिर असतं, दोरी नुसती वरून सुटते. तुम्ही जन्मभर प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून गरवलंत, तुम्हाला ते लगेच जमेल.

आमिष म्हणाल तर जिवंत सुंगटाला इथे मान नाही, रबरी गांडुळाला आहे. निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली ओहायोत ते घरच्या घरी ओतलं आणि पुढे धंदा आमच्या इकडे टायलर गावी आणला. टेक्सस रिग म्हणतात ती युक्ती मला फार आवडली. दोरीत पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, मग गरी बांधायची आणि गरीचं टोक परत गांडुळाच्या अंगात लपवायचं. टोक उघडं नाही, म्हणून ती फांदीत अडकत नाही. माशाने चावलं की टोक गांडुळातून बाहेर येतं. टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, काठीने हळूच उचलायचं, पुन्हा सोडायचं. दोरीवर बारीक टक् झालं की ढील गुंडाळून घ्यायची आणि जोरात हिसका. ते टक् मला पहिल्याच खेपेला कळलं. मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्याबरोबर धक्क्यावर बसले त्याचा हा फायदा. जावयांना अजून प्रत्येक खोड मासा वाटतं.

गवतावरून रबरी बेडूकही ओढतात. मासा उसळून त्याला गिळतो, तेव्हा लगेच हिसका द्यायचा नाही, काठीवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं. सोलापूरकरांना थांबणं जमत नाही, त्यामुळे बेडूक दरवेळी आमच्या कपाळाकडे येतो.

बाबा, पुढचं जरा बसून वाचा. एवढं सगळं करून मासा धरतात, खालच्या ओठाला पकडून फोटो काढतात आणि पाण्यात सोडून देतात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांचा बास सोडावाच लागतो, कायदाच आहे. त्याहून लहान घरी नेला तर चालतो, पण लोक नजरेने मारतात. १३ पौंडांवरचा सापडला तर थंडीत सरकारी खात्याला पिल्लं काढायला उसना देतात. १९८६ साली याच तळ्यातून असा पहिला मासा गेला, १७.६७ पौंडांची मादी. तिचं नाव ठेवलं एथेल. पुढे ती मिसुरीतल्या एका दुकानाच्या टाकीत राहिली आणि मेली तेव्हा शोकसभा झाली. खोटं नाही सांगत.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून दोन गोष्टी. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. जपानच्या बिवा तलावात २००९ साली त्याची बरोबरी झाली, पण पुढे कुणी गेलं नाही. पेरींनी तो घरी नेला आणि कुटुंबाने खाल्ला. जावई ही गोष्ट सांगताना डोळे मिटतात. दुसरी लेक फोर्कचीच. टेक्ससचा सर्वांत मोठा बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांना मिळाला. ते बासमागे गेलेच नव्हते. जिवंत लहान मासळी लावून क्रॅपी नावाचे मासे धरत होते.

क्रॅपी पांढऱ्या मांसाचा आणि तळून फार छान लागतो. तो सोडून दिला तर उलट लोकच हसतात. तेव्हा तुम्ही आणि मी क्रॅपी धरू, जावई गुंता सोडवतील. तुमचा एक दिवसाचा परवाना मी काढून ठेवते, त्याशिवाय पाण्याशी काठी घेऊन उभं राहू नका. स्वतःच्या गऱ्या आणायच्याच असतील तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आणि आई, तिरफळं आण, इथे मिळत नाहीत.

तुमची लेक