बेंजोवाला बँडात गेला

"बाई, ऐकलासा का? आपल्या आळीतला बेंजोवाला बँडात गेला."

परड्याच्या भिंतीवरून आक्कांचं डोकं वर आलं की बातमी ताजी समजायची. शिळी बातमी सांगायला त्या पुढच्या दारानं येतात आणि चहा झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ताज्या बातमीला तेवढा दम निघत नाही.

"कुठल्या बँडात? वरातीच्या?"

"छ्या! वरातीच्या बँडात गेला असता तर मी कशाला सांगाय आलो असतो? त्यो केसं वाढवल्याल्या पोरांचा ओ. म्हशी इकून रिकामा झालेल्या गोठ्यात रोज सांजचं आरडत बसत्यात न्हवं, त्यांचा. रॉक का काय म्हनत्यात त्याला."

आमच्या आळीत संगीताचे दोन गट आहेत. आणि कागलात दोन गट म्हणजे काय, हे उभ्या महाराष्ट्राला वेगळं सांगायची गरज नाही. पहिला गट बेंजो पार्टीचा. गणपती, लग्न, वाढदिवस, निवडणुकीचा गुलाल, कशाचीही सुपारी असो, ट्रॉलीवर चढायचं आणि रस्ता हलवायचा. दुसरा गट कॉलेजातल्या पोरांचा. गाणारा एक, गिटारवाला एक, ड्रमवाला एक आणि बास गिटारवाला एक. गोठ्याच्या भिंतींना त्यांनी अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. जातो तो जातोच. पण पोरांनी शेजाऱ्यांचा विचार केला हे आम्ही मानून घेतलं.

यातल्या बासवाल्याला चाकणला नोकरी लागली. पोरगं गेलं, गिटारही घेऊन गेलं, आणि पावसाळाभर गोठा मुका झाला. आक्कांना त्याचंही वाईट वाटलं. "आवाज हुता तवा तरास हुता, आता झोपच येईना," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

"पण बेंजोवाला तिथं कसा पोचला?" मी विचारलं.

"आवो, त्यो दुरुस्तीला गेल्ता! येष्टी स्टँडाजवळ त्येचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान न्हाई का? पोरांचा ॲम्प्लिफायर जळला. ह्यो इस्क्रू घिऊन गेला, तासाभरात चालू केला, आनि आवाज येतोय का बगाय म्हनून कुटनंतरी मागून आनलेली गिटार हातात घिऊन दोन तारा छेडल्या. पोरं एकमेकाकडं बगाय लागली. संपलं! दुरुस्तीचं पैसं बुडालं आनि गडी गळाला लागला."

मला हसू आलं, कारण ही गोष्ट मी आधी एकदा ऐकली होती, तीही त्याच गोठ्यातल्या गाणाऱ्या पोराच्या तोंडून. फक्त ती लंडनची होती.

"आक्का, तुम्हाला पाचगणीच्या फारुखचं माहीत आहे का?"

"कोन फारुक? मटनवाला?"

"नव्हे हो. फारुख बलसारा. पारशाचा पोरगा, जन्म झांझिबारचा, १९४६ चा. आठ-नऊ वर्षांचा असताना आईबापांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवला."

"पाचगनी? आपली? महाबळेश्वराजवळची?"

"तीच. तिथं १९५८ साली पाच पोरांनी मिळून बँड काढला, द हेक्टिक्स नावाचा. फारुख पियानो वाजवायचा. गाणारा दुसराच होता."

"मंजे सातारा जिल्ह्यात त्येला गाऊबी दिलं न्हाई?"

"पुढं कसर काढली त्यानं. घरचे सगळे इंग्लंडला गेले. तिथं स्माइल नावाचा एक बँड होता. त्यातला एक जण गायचा आणि बासही वाजवायचा. त्यानं १९७० साली तो बँड सोडला, दुसऱ्या बँडात गेला. त्याच्या जागी हा फारुख आला. आल्या आल्या बँडाचं नाव बदललं, क्वीन ठेवलं. स्वतःचंही बदललं, फ्रेडी मर्क्युरी."

आक्कांनी भिंतीवर दोन्ही कोपरं नीट टेकवली. ही खूण आहे. आता आमटी करपली तरी चालणार.

"नवीन मानूस येतंय आनि घराचं नाव बदलतंय? आनि ह्यांनी बदलू दिलं?"

"दिलं. नको म्हणत होते म्हणे, पण दिलं."

"आनि सोडून गेला त्येचं काय झालं?" आक्कांचं मन नेहमी गेलेल्या माणसाकडं आधी जातं. मला त्यांचं हे आवडतं. बँडाच्या इतिहासात सोडून गेलेल्याला कोणी विचारत नाही.

"टिम स्टाफेल नाव त्याचं. पुढं तो मॉडेलं बनवायला लागला. ती पोरांची थॉमस नावाच्या रेल्वे इंजिनाची मालिका लागायची बघा, डोळेवाल्या इंजिनाची? तिच्यासाठी त्यानं काम केलं."

"मग काय वाईट झालं न्हाई त्येचं. चाकनच्या पोराच्या आईला सांगतो."

पण मला सांगायचं होतं ते फारुखबद्दल नव्हतंच. गाणारा मिळाला तरी बासवाल्याची जागा रिकामीच होती. एक आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्याचंही तेच. मग १९७१ मध्ये जॉन डिकन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, बोलायचा कमी. या दोन गोष्टी त्याच्या बाजूनं होत्या, कारण बाकीचे तिघं बोलायला भरपूर होते आणि बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. पुढच्याच वर्षी या पठ्ठ्याला लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या ढिगात एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्यानं जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि छोटासा ॲम्प्लिफायर तयार केला. त्या डबड्यातून क्वीनच्या गिटारवाल्यानं, ब्रायन मेनं, कितीतरी रेकॉर्डिंगं केली.

"कचऱ्यातला? आनि आपल्याला भंगारवाला मोटारीचं वीस रुपये देतोय," आक्का म्हणाल्या. त्यांच्या जळलेल्या पाण्याच्या मोटारीचं दुःख अजून ताजं आहे.

"पण बाई, एक कळंना. ह्ये बास मंजे नेमकं काय असतंय? मी कान लावून ऐकलं. गिटार ऐकू येती, ढोल ऐकू येतोय, आरडनं तर येतंयच. त्यो जाडजूड तारांचा काय वाजवतोय ते कळतच न्हाई."

"हलगीबरोबर घुमकं असतं ना?"

"व्हय."

"हलगी कडाडते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं. घुमकं काढून घेतलं तर?"

आक्का क्षणभर थांबल्या. "पाय उचलायचा न्हाई."

"मग तेच."

त्यांना एवढं पुरलं. मला मात्र खरा पेच त्याच्या पुढं दिसत होता. बेंजो पार्टीत हा पोरगा सगळ्यांच्या पुढं असायचा. बेंजो हे वाद्य मुळी दिमाखाचं. खरं तर ते जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ते बनवलं, तैशोगोतो नावानं. हिंदुस्थानात आल्यावर ते बुलबुल तरंग झालं आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून, वायर जोडून, बेंजो करून टाकलं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, आणि गाण्याचा एक शब्द न गाता सगळी मिरवणूक गायला लावायची. ट्रॉलीवर पुढं बेंजोवाला, मागं कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रम. चौकात पोरं त्याच्या नावानं शिट्ट्या मारतात. आणि हा गडी ते सोडून मागं उभा राहायला गेला, चार जाड तारा घेऊन. त्यावर बटणं नाहीत, शिट्ट्या नाहीत, आणि शेजारच्या आक्कांना तो काय वाजवतो तेही कळत नाही.

"आपल्याच गावातल्या माणसानं हे लिहून ठेवलंय," मी म्हटलं. "आनंद यादवांनी."

"'झोंबी'वाले?"

"तेच. पण त्यांची 'नटरंग' कादंबरी. तिच्यावर पिक्चर नाही का आला, २०१० साली?"

"बघितलाय! अतुल कुलकर्नी! गुना कागलकर!" आक्का पिक्चरमधली माणसं नात्यातल्यासारखी सांगतात, आणि इथं तर आडनावच गावाचं. "बिचाऱ्याला राजा व्हायचं हुतं. अंगानं पैलवान गडी. आनि फड उभा ऱ्हाईना, नाच्या पायजेच म्हनून बसली ती बाई. कोनच तयार हुईना. मग ह्योच झाला."

"हां. फडात जी जागा कोणाला नको असते ती एकानं घ्यावी लागते. नाहीतर फड उभाच राहत नाही."

"पर गुनाचं लई हाल झालं ओ."

"याचे नाही व्हायचे. बास वाजवणाऱ्याला कोणी चिडवत नाही. बघतच नाही कोणी."

गंमत बघा, तो पिक्चर काढणाऱ्या रवी जाधवांनीच पुढं २०१६ मध्ये हिंदीत 'बॅन्जो' नावाचा पिक्चर काढला. रितेश देशमुख त्यात बेंजोवाला. न्यूयॉर्कची एक मुलगी त्याला शोधत मुंबईला येते. आमच्या बेंजोवाल्याला शोधत न्यूयॉर्कहून कोणी आलं नाही, पण कोल्हापूरहून आलं होतं, असं आक्कांचं म्हणणं.

"कोल्लापूरचा कुटला तरी बँडबी त्येला मागत हुता म्हनं. ह्यो गेला न्हाई. जाईल पर एक दिवस. कोल्लापूरला मानूस कमी पडलं की ती लोकं कागलातनंच न्हेत्यात. आजचं हाय व्हय ह्ये?"

आता यावर काय बोलणार! १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचे नऊ वर्षांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आमच्याकडं ते उसनं दिल्यासारखंच बोलतात.

"बरं, पण बेंजो पार्टीचं काय? ते गप्प बसले?"

इथं आक्कांचा आवाज खाली आला, म्हणजे आता मुख्य बातमी.

"रुसलीत. दोन दिस ढोलवाल्यानं त्येच्याकडं बगितलं न्हाई. मोबाइलची काच फुटली तर त्यो हुपरीला गेला दुरुस्तीला, पर ह्येच्या दुकानात पाय ठेवला न्हाई! आदीच डॉल्बी आल्यापासनं त्यांच्या सुपाऱ्या तुटल्यात, त्यात बेंजोवालाच गेला तर ट्रॉलीवर काय भाजी इकायची? मग परवा दिवशी रात्री कट्ट्यावर बैठक झाली. दोनी गट. मी गच्चीवर वाळवन काढाय गेल्तो."

"रात्री वाळवण?"

"इसरल्तो काढायचं." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचा प्रश्न मी गिळला. "ठरलं असं, की सुपारी असली की गडी बेंजोचा. सुपारी नसली की बँडाचा. आनि इसर्जनाला कोनीबी काय बोलायचं न्हाई, त्यो ट्रॉलीवरच."

माझ्या मते हा करार टिकेल, कारण दोन्हीकडच्यांची यंत्रं तोच दुरुस्त करतो. एखादा कलावंत कितीही थोर असला तरी त्याच्याशी भांडता येतं. सोल्डरिंग येणाऱ्याशी भांडणारा बँड मी अजून पाहिलेला नाही.

पण एक वाद अजून मिटलेला नाही. गाणाऱ्या पोराच्या डोक्यात आलंय की एका गाण्यात बासऐवजी बेंजोच घ्यावा. ड्रमवाला म्हणतो, मग आपल्यात आणि वरातीत फरक काय राहिला? मला विचारलं तर मी गाणाऱ्याच्या बाजूनं. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त १९७८ साली नंदू भेंडे उभे राहिले होते, पक्के रॉक गायक, आणि तमाशाच्या बाजात गिटार घुसली म्हणून आभाळ कोसळलं नाही. तेव्हा पुण्याचं कोसळलं नाही, आता कागलचं कशाला कोसळेल? आणि त्या डिकनचंच घ्या. मागं उभा राहणारा, कमी बोलणारा, सगळ्यात शेवटी आलेला. १९८० मध्ये त्यानं लिहिलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ते गाणं सुरू होतं तेच बासवर. म्हणजे जुन्यांनी नव्याला सामावून घेतलं की नव्यानं जुन्यांना, हे त्या बँडात शेवटी कोणालाच सांगता आलं नसतं.

"बेंजो घेतला तर निदान आमाला चाल तरी कळंल," हे आक्कांचं मत. ते मी पोरांपर्यंत पोचवणार आहे. ड्रमवाला त्यांचा भाचा लागतो, हे त्या सोयीनं विसरतात.

"पर बाई, पैशाचं काय? बेंजोत सुपारीचं वाटून येत्यात. बँडात किती मिळत्यात?"

"बँडात मिळत नाहीत. वर्गणी काढावी लागते. तारा, काड्या, वायरी, गोठ्याचं लाइट बिल."

आक्का गप्प झाल्या. दुरुस्तीचे पैसे बुडाले, वर दर महिन्याला वर्गणी, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"त्येच्या आईला म्हाईत हाय का ह्ये?"

"तुम्ही सांगितलं नसेल तर नसेल."

"मी कशाला सांगू? मला काल तिनं इचारलं, रोज सांजचं पोरगं कुटं जातंय म्हनून. मी सांगितलं, दुरुस्तीला जातंय."

"आक्का!"

"खोटं हाय व्हय? जाऊन ऐका की एकदा त्या पोरांचं."

आणि आतून कुकरची चौथी शिट्टी झाली तशा त्या पळाल्या.