वाटेत आत्याबाई लागतात

यवतमाळ जिल्ह्यात सहलीला निघताना नकाशा लागत नाही, आहेराची वही लागते. कोणत्या गावात कोण राहतं, कोणाच्या घरच्या लग्नाला आपण गेलो नव्हतो आणि कोण त्यावरून अजून रुसून बसलंय, हे वहीत बघून मग रस्ता ठरतो. मोबाइलमधली बाई 'सरळ चालत राहा' असं सांगते, पण त्या बिचारीला काय ठाऊक की डावीकडच्या फाट्यावर काकाजींचे साडू राहतात आणि त्यांच्या दारावरून गाडी तशीच पुढे गेली तर पुढच्या तीन लग्नांत त्याचं उट्टं निघतं!

आमच्या सहलीचं खापर मी पर्थला राहणाऱ्या भाच्यावर फोडतो. तो बायकापोरांसह पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या करिजिनीला जाऊन आला. पर्थपासून सुमारे १४०० किलोमीटर. लालभडक दगडाच्या खोल घळी आणि तळाशी थंडगार हिरवं पाणी. त्यातल्या हँकॉक नावाच्या घळीत दोन्ही भिंतींना हातपाय टेकवत कोळ्यासारखं पुढे सरकावं लागतं, तेव्हा कुठे पोहायचा डोह दिसतो. हे सगळं त्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'इथला खडक अडीच अब्ज वर्षांचा आहे.'

बायकोनं व्हिडिओ बघितला आणि माझ्याकडे बघितलं. काकाजी म्हणाले, "इतका जुना गोटा, अन् एक महादेव नाई त्याच्यावर?" आईला वेगळीच काळजी. "चौदाशे किलोमीटर गेलं लेकरू, अन् वाटेत कोनाकडं घोटभर चायसुद्दा नाई?" संध्याकाळपर्यंत ती त्याच विचारात होती.

आपल्याकडेही असं काहीतरी आहे, हे जगाला दाखवणं आता भाग होतं. मुलांना पोहायचं होतं. टिपेश्वरचं नाव निघालं, पण ते अभयारण्य. तिथे जिप्सीत बसून वाघ बघायचा असतो, पाण्यात वाघच बसतो. शिवाय पांढरकवड्याला आमचं कोणी नाही, म्हणजे जाण्याला अर्थही नाही. शेवटी सहस्रकुंडावर शिक्का बसला. पैनगंगा उमरखेड तालुक्याच्या टोकाला काळ्या खडकावरून खाली उडी घेते, तो हा धबधबा. अलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं मुरली, पलीकडे नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्याचं इस्लापूर. धबधबा नक्की कोणाचा, यावर दोन्ही तीरांचं एकमत आहे: आमचा.

यवतमाळहून सरळ रस्ता आर्णी, महागाव, उमरखेड असा आहे. नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग, चारपदरी, गुळगुळीत. त्या रस्त्यानं गेलो असतो तर ऊन चढायच्या आत धबधब्यावर असतो. पण आत्याबाई दिग्रसला, मावशी पुसदला आणि काकाजींचे ते साडू दारव्ह्याला. म्हणून भाड्याची क्रूझर दारव्ह्याच्या रस्त्याला लागली. मुलांनी घरातूनच पोहण्याचे कपडे घातलेले. वरून शर्ट, डोळ्यांवर पोहण्याचे चष्मे. त्यामुळे त्यांना बाहेरचं जग निळं दिसत होतं, ही त्यातल्या त्यात सोय.

दारव्ह्याला पोहे झाले. तर्रीसकट. 'आम्ही खाऊन निघालो' हे वाक्य विदर्भात यजमानाला ऐकूच जात नाही. तिथून निघताना शकुंतलेचे रूळ दिसले. यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी सावकाश चालण्याबद्दल सगळ्या वऱ्हाडात प्रसिद्ध होती. आता ती बंद आहे, हे आमच्या पथ्यावर पडलं. चालू असती तर तिनं आम्हाला मागे टाकलं असतं.

दिग्रसला आत्याबाई दारातच उभ्या. गाडीतून न उतरता नुसता नमस्कार करून पुढे जायचं, असा आमचा ठराव होता. त्यांनी तो एका वाक्यात हाणून पाडला. "काहून बापा, घर बाटलं का माहं?" मग उतरलो. "चायच घेतो फक्त," मी म्हणालो. "हो न, चायच देतो," म्हणत त्यांनी कणीक मळायला घेतली. "दोन पोया टाकतो, किती वेळ लागते?" किती वेळ लागला ते सांगत नाही. त्या दोन पोळ्यांच्या सोबतीला वांग्याचं भरीत, पातोडीचा रस्सा आणि गेल्या वर्षीच्या एका साखरपुड्याची साद्यंत हकीकत होती. पुसदच्या मावशीला मग फोन करून सांगितलं की आमची पोटं भरली आहेत. ती म्हणाली, "मंग तर बरंच झालं, नुसतं सांबारवडी खाऊन जा."

पुसद सोडताना ड्रायव्हरभाऊंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, वाघ आपल्याआधी पोचला असता."

ते विनोदानं म्हणाले, पण त्यात तथ्य आहे. टिपेश्वरातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओ कॉलर बांधली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो घर सोडून निघाला. पैनगंगेचं जंगल, तेलंगणातलं आदिलाबाद, मग मराठवाडा असं करत करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. तोवर त्याची चाल १३०० किलोमीटर झाली होती, पुढे हिंडून हिंडून ती ३००० च्या घरात गेली. त्याचं नावच 'वॉकर' पडलं. हद्द, शिकार आणि जोडीदार शोधायला तो निघाला असावा, असं वन्यजीव अभ्यासक सांगतात. मला त्याचं कौतुक निराळ्याच कारणासाठी वाटतं. वाटेत गावोगाव त्याच्या मावश्या होत्या, चुलीपाशी अंग चोरून बसलेल्या. पण तो पठ्ठ्या एकीकडेही थांबला नाही! माणसाला हे जमत नाही.

उमरखेडच्या पुढे ढाणकी. तिथे मामाजींचं वावर, आणि वावरात रोडगे. हे मात्र आधीच ठरलेलं होतं, आणि ढाणकीपर्यंत येताना जे जे पोटात गेलं त्याला मामाजी जेवण मानत नव्हते. रोडगा घाईनं होत नाही. जाड दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळायची, एकात एक पारी घालून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून राखाडी झालेला गोळा बाहेर काढला की मामाजी तो धोतराच्या जुन्या धडप्यात गुंडाळून दोन्ही तळहातांनी दाबायचे. आतून वाफ फस्सकन बाहेर यायची. मग तडकलेला रोडगा तुपाच्या गंजात. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. पहिल्या घासाला सगळे गप्प. दुसऱ्या घासाला धबधब्याचा विषय मागे पडला. तिसऱ्या रोडग्यानंतर काकाजी कडुनिंबाखाली आडवे झाले आणि म्हणाले, "पानी काही पळून जात नाई."

मुलांच्या रडारडीमुळे निघालो. बिटरगावच्या पुढे सागाचं जंगल दाट होत जातं. या भागाला इकडे 'बंदी भाग' म्हणतात. पैनगंगा अभयारण्याचा हा टापू, आणि मोबाइलच्या रेंजलाही इथे बंदी असल्यासारखीच. पर्थला थेट व्हिडिओ कॉल लावण्याचा बेत तिथेच बारगळला.

धबधबा आधी ऐकू येतो. नंतर दिसतो. नदी चांगली ऐसपैस येते आणि कड्यापाशी काळ्या खडकात फाटून अनेक धारांनी खाली पडते. खडक इतका गुळगुळीत आणि काळाकुळीत, की ओला झाला की लोखंड वाटावं. त्याला जागोजाग कुंडांसारखे खळगे. परशुरामानं बाण मारला आणि नदी सहस्र धारांनी फुटली, अशी कथा सांगतात. हा आपला बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, करिजिनीपुढे अगदीच पोरगेलासा. पण काकाजींनी काठावरचा महादेव बघितला आणि सामना आपण जिंकल्याचं जाहीर केलं.

मुलांनी शर्ट काढले, चष्मे चढवले आणि धाव ठोकली. तेवढ्यात चणेफुटाणे विकणारा एक म्हातारा जागेवरूनच ओरडला, "ए पोट्टेहो! तिकडं नाई जायचं! खाली डोह हाय, मानूस नाई सापडत!" त्याच्या आवाजात सरकारी फलकापेक्षा जास्त वजन होतं. मुलं थिजली. आईनं पुढे होऊन तांब्याभर पाणी आणलं, दर्भाच्या काडीनं प्रत्येकाच्या डोक्यावर शिंपडलं आणि म्हणाली, "झालं आंघोय." चौदाशे किलोमीटरवाल्यांना हँकॉकच्या घळीत मिळालं ते पुण्य आम्हाला चार थेंबांत मिळालं, आणि तेही अंग न भिजवता. मुलं चष्मा लावूनच चणे खात बसली.

पोहायचं राहिलं म्हणून त्यांचा हट्ट, मग दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर माहूरला रेणुकेचं दर्शन घेऊन उनकेश्वर. किनवट तालुक्यातच, पैनगंगेच्या बाजूला गरम पाण्याचे गंधकयुक्त झरे आहेत. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामानं बाण मारून ते काढले, असं म्हणतात. त्वचारोगांवर गुणकारी म्हणून लोक लांबून येतात. एका बाणाला पाणी लागलं हे ऐकून ढाणकीहून सोबत आलेले मामाजी उसासा टाकत म्हणाले, "माह्या वावरात बोअरवाल्यानं चारशे फूट नेलं, नुसता फुफाटा निघाला." मे महिन्यात ज्या जिल्ह्यात नळाची तोटी सोडली की कढत पाणी येतं, त्या जिल्ह्यातली माणसं गाडी करून गरम पाण्याच्या आंघोळीला जातात, हे भाच्याला कसं समजावणार? मुलं मात्र मनसोक्त भिजली. काकाजींचा गुडघा बरा झाला, असं काकाजी म्हणतात.

रेंज आल्यावर ग्रुपवर फोटो टाकले. धबधब्याचे दोन, रोडग्यांचे बाकीचे सगळे. पर्थहून भाच्याचं लगेच उत्तर आलं: 'मामा, रोडगे कुठे मिळाले?' अडीच अब्ज वर्षांच्या खडकाबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही.

तेव्हा वाचकहो, सहस्रकुंडाला जरूर या. पावसाळा ओसरला की या, साधारण गणपती ते दिवाळी. उन्हाळ्यात नुसता खडक बघावा लागतो. पाण्यात उतरू नका. वर इसापूर धरण आहे, तिथून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते, आणि शेवाळलेला खडक दुसरी संधी देत नाही. रस्ता आर्णी, महागाव, उमरखेड, ढाणकी, बिटरगाव, मुरली असा धरा. दिग्रसवरून जायची काही गरज नाही. पण गेलातच, तर घरून जेवून निघू नका.